चष्मा पुसणारा विद्वान

नेतृत्वावर व्याख्यानं देणाऱ्या एका विद्वानानं मला फसवलं. आमच्या नालवाडीच्या दालमिलमध्ये संध्याकाळी सगळे पोत्यांवर बसून आपापल्या चुका सांगतात. सुरुवात मालक म्हणून मी करतो. तो विद्वान आठवडाभर तिथं बसला. कामाचं काही ऐकलं की चष्मा पुसायचा. पुढं वर्ध्याच्या सभागृहात तीच बैठक त्यानं स्वतःचा सिद्धांत म्हणून मांडली.

मी उठून विचारलं, "साहेब, हे तुम्ही कुठी शिकले?"

"प्रवासात," तो चष्मा पुसत म्हणाला. "काका, शिकायचं तर आधी मीपणा सोडावा लागतो."

टाळ्या पडल्या. शेजारी बसलेला माझा हमाल पुटपुटला, "शेठ, आता लोक आपल्यालेच नकलची म्हणतीन."

मिलमध्ये त्या विद्वानाचं बसायचं पोतं अजून रिकामं आहे. त्यानं यावं, त्यावर बसावं आणि कोणता प्रवास ते सगळ्यांसमोर सांगावं.