गासच्या शेवग्यावरचा कुक्कू

मोकाशी सर शाळेत मला विज्ञान शिकवायचे. पक्षी बघायलाही त्यांनीच शिकवलं. पुढे सहा वर्षं आम्ही दर रविवारी बरोबर हिंडलो. गेल्या ऑक्टोबरात त्यांनी आमच्या पक्षीनिरीक्षकांच्या ग्रुपवर लिहिलं, ‘गासला कुक्कू दिसला.’ फोटो धूसर होता. मी सगळ्यांदेखत उत्तर दिलं, ‘सर, शिक्रा आहे. डोळे तपासून घ्या.’ लोक हसले. सर ग्रुपमधून निघून गेले. तेव्हापासून मी एकटीच हिंडते.

यंदा ऑक्टोबर लागला तसं राहवेना. जाणाऱ्यांसाठी सांगते: नालासोपारा पश्चिमेहून गास गावाला शेअर रिक्षा मिळते. साडेसहापर्यंत पोचा, नऊनंतर ऊन भाजून काढतं. आणि कुक्कू म्हणजे आपला काळा कोकीळ नव्हे. हा राखाडी, उत्तरेकडून येतो, इथे काही दिवस पोट भरतो आणि समुद्र ओलांडून आफ्रिकेला जातो. वाटेत बहुतेक गप्पच असतो, त्यामुळे आवाजावरून सापडत नाही.

बांधाबांधाने दोन तास फिरले. बगळे आणि वेडे राघू, बस्स. शेवटी भात राखणाऱ्या एका मावशींनीच हाक मारली.

“काय शोधते गं बाय? पानी पिते का?”

पाणी पिता पिता मी पक्ष्याचं वर्णन केलं.

“तो व्हय! त्या शेवग्यावर बसतो. सुरवंट लय झालेले, जाळनार होते मी. हा तीन दिस खातोय, म्हटलं खाऊ दे. एकटाच असतो.” मग माझ्या मागे बघत म्हणाल्या, “तुझ्यासंगं कोनी नाय?”

“नाही.”

दुर्बिणीत तो आला. पंख शेपटीच्या खाली लोंबते सोडलेले. पोटावर बारीक काळ्या रेघा. डोळ्याभोवती पिवळं कडं, चोच बारीक. शिकारी शिक्र्याची आकडेदार चोच नव्हेच ती. केसाळ सुरवंट धरून त्याने दोन्ही बाजूंना झटकला आणि गिळला. बसण्याची हीच ढब त्या धूसर फोटोतही होती. मी तेव्हा नीट बघितलंच नव्हतं.

परतताना रस्त्यावर नंदाखाल गावची सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, मिळाली. पूर्वीच्या सवयीने दोन पुडे घेतले, एक सरांचा.

घरी येऊन चप्पल न काढताच सरांना फोन लावला.

“सर, गासला कुक्कू बघितला. मागच्या वर्षी तुमचाही तोच होता. मी चुकले.”

“मला माहीत होतं.” मग त्यांनी विचारलं, “किती वेळ दिसला?”

“चाळीस मिनिटं.”

“मला दोनच मिनिटं दिसला होता गं. सांग, कसा होता?”

मी सुरवंटासकट सगळं सांगितलं. मग मी विचारलं, “रविवारी याल?”

“गुडघे गेले माझे. तू जा.” आणि फोन ठेवता ठेवता, “जाऊन आलीस की सांगत जा.”