कुसुमबेन आणि कुसुमताई

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. सोसायटीत कुणाच्या अंगात आलं, तर मी आधी ताप बघा म्हणते. म्हणूनच हे इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही... लोक मलाच हसले असते.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. बडोद्यात, गोरव्याला, पाण्याचे फिल्टर विकणाऱ्या एका कंपनीत मी नोकरीला होते. सेल्सचं सॉफ्टवेअर नवीनच आलेलं, आणि त्यात एकेक गिऱ्हाईक दोन-दोनदा चढलेलं. मराठी घरांचा तर नुसता घोळ — आमचा गुजराती सेल्समन बाईंच्या नावाला ‘बेन’ लावायचा, सर्व्हिसचा मराठी माणूस ‘ताई’. साहेब म्हणाले, “तमारा लोको तमे ओळखो,” आणि काम माझ्या गळ्यात पडलं. आधी फोन करून खात्री करायची, मग दोन्ही रेकॉर्ड मर्ज करून एकच नाव ठेवायचं.

शहरातल्याच हरणी भागातल्या कुसुमताईंना फोन केला. मोकळ्या स्वभावाच्या बाई.

“अगं, दोन्ही मीच. बाहेर बेन, घरात ताई. बेनच ठेव, सगळे तसंच ओळखतात.”

“आणि ताई?”

“तिचं काय, घरात आम्ही दोघंच.”

हसत फोन ठेवला त्यांनी. मी बेन ठेवलं.

पुढच्या सर्व्हिसच्या वेळी त्यांच्या यजमानांचा फोन आला. मराठी बोलणारं कुणी आहे का, म्हणाले. “एरवी हीच फोन करायची. पण हिला आता मराठी कळत नाही हो.” एका सकाळी उठली ती गुजरातीच बोलत. डॉक्टर झाले, डोक्याच्या तपासण्या झाल्या, काही निघालं नाही. कधीपासून, विचारलं. आमचा फोन झाला, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून.

रविवारी मी त्यांच्या घरी गेले. आवाज तोच, हसणंही तेच. “आवो बेन, बेसो.” मी मराठीत बोलून बघितलं. त्या जरा ओशाळल्या. “मराठी नथी समजातुं, बेन.” आणि भिंतीवर त्यांच्या लग्नाचा फोटो... नऊवारी, मुंडावळ्या.

काका चहा पीत होते. शाळेत पाठ म्हणावा तसं बायकोकडे बघून म्हणाले, “चा सरस छे.” त्या खूश झाल्या. काकांनी मान खाली घातली. मला रडू आलं.

मर्ज केलेलं परत वेगळं होत नाही, असं सॉफ्टवेअरवाला म्हणाला. मी ‘कुसुमताई’ नावाचं नवं रेकॉर्ड घातलं. काही फरक पडला नाही. नुसता योगायोग म्हणाल, तर म्हणा. मीही तेच म्हणत आले, पण पटत नाही... दुसरं कारणही सापडत नाही.

मी ती नोकरी सोडेपर्यंत काका अधूनमधून कम्प्लेंट नोंदवायला फोन करायचे. फिल्टर नीट चालायचा, ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. “जरा बोल गं मराठीत,” म्हणायचे. मी बोलायचे, आणि कम्प्लेंट कुसुमताईंच्या नावावर लिहायचे.