लिफ्टवाला काका गाडीत अडकतो

आमच्या काकूनं काकाला गाडीत कोंडून घातलं आणि गाडी भंगारात द्यायला तो ‘हो’ म्हणेपर्यंत दार उघडलं नाही, असं आमच्या गल्लीत सांगतात. औषधांच्या दुकानातला माणूस हे सांगताना आवाज असा खाली घेतो, जणू मूळव्याधीचं मलम देतोय. “दुपारभर आत होते हो. पाणीसुद्धा काचेच्या फटीतून.” वरच्या मजल्यावरच्या शिकवणीवाल्या बाई मात्र फळ्यासमोर उभ्या असल्यासारख्या सांगतात. “कोंडलं कोणी? पत्नीने. का कोंडलं? कारण ती कंटाळली होती.”

पाण्याचं खरं आहे. काकू कंटाळली होती हेही खरं आहे. पण काकाला कोंडलं ते गाडीनं, आणि ते शहाणपण गाडीला त्यानंच शिकवलं होतं. मी तिथंच होते. कोण काय बोललं ते मला शब्दांसकट, उसाशांसकट पाठ आहे.

काका लिफ्ट दुरुस्तीवाला. बंद पडलेल्या लिफ्टमधून लोकांना बाहेर काढण्यात त्याची सगळी नोकरी गेली. फोन वाजला की पुढचा घास ताटातच. एका पायात पँट, दुसरा पाय हवेत, आणि कानाला फोन लावून तो अडकलेल्या माणसाला सांगायचा, “मी खालीच उभाय. दहाच मिनिटं. दारावर मारू नका हो, दाराचा काय दोष? बरं, आज काय जेवलात?” खाली उभा म्हणजे आमच्या स्वयंपाकघरात उभा. दहा मिनिटं म्हणजे देव जाणे किती. त्याचा एक नियम होता. आतल्या माणसाला ‘घाबरू नका’ असं कधी म्हणायचं नाही, कारण तोवर त्याला घाबरायचं सुचलेलं नसतं. त्या फोनपायी हे दोघं कधी कुठं राहायला म्हणून गेले नाहीत. काकू म्हणते, “लोक लिफ्टमध्ये अडकायचे, मी लिफ्टवाल्यात अडकले.”

अशाच एका सोडवलेल्या बाईंनी शहर सोडताना काकाला त्यांची जुनी गाडी देऊन टाकली. स्पोर्ट्‌स कार. दोन दारं, दोन सीटा, आणि उंची इतकी कमी की तिच्यात बसायचं नसतं, विहिरीत उतरतात तसं उतरायचं असतं. मागच्या वर्षी ती रस्त्याकडेला उभी असताना कचऱ्याचा ट्रक मागे येता येता तिची एक बाजू चेपून गेला. चेपली तेवढं ठीक, पण रंग उडाला आणि इतकी वर्षं रंगाखाली गुपचूप बसलेला गंज उघड्यावर आला.

काकूच्या धाकट्या भावाचं डेंटिंग-पेंटिंगचं वर्कशॉप आहे. आम्ही त्याला मामा म्हणतो. त्याला बोलताना समोरच्या वस्तूवर बोटाची पेरं आपटून बघायची सवय आहे. मग ते टेबल असो की एखाद्याची पाठ. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली, ठक ठक केलं आणि निकाल दिला.

“भावजी, हा सांगाडा गेला. माझ्याकडे एक आलाय, ह्याच गाडीचा, गंजाचा ठिपका नाही. तुमचं इंजिन, तुमची चाकं, तुमच्या सीटा उचलायच्या आणि त्यात घालायच्या. खेळ खल्लास.”

“म्हणजे गाडी तुझी, आतडी माझी.”

“सीट तर तुमचीच ना? बसायचं सीटवर असतं, सांगाड्यावर नाही.”

“उद्या तुझ्या बहिणीचे दागिने काढून दुसरीला घातले, तर ती तुझी बहीण होईल का रे?”

“घालून तर बघा,” काकू आतून म्हणाली.

ठरलं असं की काका गाडी घरीच दुरुस्त करणार, खालच्या गॅरेजात. जाता जाता मामानं एकच गोष्ट बजावली. दाराखाली जी पत्र्याची लांब पोकळ पट्टी असते ना, पाय ओलांडून आत जातो ती, तिला काका उंबरठा म्हणतो. ती कुजलेली पट्टी कापून नवी जोडायची होती. मामा म्हणाला, “कापायच्या आधी दाराच्या चौकटीत आडवा पाइप जोडा हं. नाहीतर गाडी मधून बसेल.”

“मला डबे शिकवू नकोस,” काका म्हणाला. “जन्म डब्यांत गेलाय माझा.”

इथंच घात झाला. लिफ्टचा डबा वरून टांगलेला असतो. त्याचा खालचा पत्रा कापून काढा, तो जागचा हलत नाही. काकाच्या हाताला तेच माहीत. गाडीला वरून कोणी धरलेलं नसतं. तिचा मधला सगळा भार त्या उंबरठ्यांवर, आणि काकानं ते दोन्ही बाजूंचे कापले. गाडी पुढं आणि मागं अशी दोन लोखंडी घोड्यांवर, म्हणजे तिवयांवर, चढवलेली होती, मध्ये नुसती हवा. काकाची हौस अशी की दार नीट लागतंय का बघायला तो आत उतरला आणि त्यानं दार ओढून घेतलं. त्याच्या वजनानं गाडी मधून बसली आणि दार चौकटीत आवळलं गेलं.

मी माझा चार्जर शोधत खाली आले, तर काका गाडीत बसलेला. दोन्ही हात स्टिअरिंगवर. गाडीला चाकंसुद्धा नव्हती.

“काय करतोयस?”

“बसलोय.” काच चार बोटं उघडी होती, तिथून आवाज आला.

“कशाला?”

“विचार करायला. घरात करू देता का तुम्ही?”

पण त्याचा खांदा दाराला टेकलेला होता आणि कानशिलं लाल झाली होती. माझ्यासमोरच त्यानं एकदा जोर लावला. पत्रा कुठंतरी करकरला. काका लगेच थिजला. दुसरं दार भिंतीला लागून, त्याचा उपयोग नाही. काचा खाली करायची हँडलं बाहेर फळीवर, बिस्किटांच्या डब्यात. आणि खिडकी फोडली असती तरी त्यातून फक्त काकाचं डोकं आणि एक हात आला असता. पोटासाठी दुसरी फेरी लागली असती.

मला राहवलं नाही. मी त्याच्याच आवाजात म्हणाले, “दारावर मारू नका हो, दाराचा काय दोष?”

एरवी माझ्या नकलेला सगळ्यात आधी तो हसतो. आज हसला नाही. काचेवर त्याच्या श्वासाचा धुरकट गोल उमटला होता, तो बाहीनं पुसत म्हणाला, “मी लोकांना सांगायचो, हवा भरपूर आहे. असते गं हवा. पण आत बसल्यावर तसं वाटत नाही.”

तेवढ्यात काकू खाली आली. तिनं एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा कापलेल्या पत्र्याच्या तुकड्यांकडे, आणि काही न विचारता वर जाऊन पाणी आणि प्लॅस्टिकची नळी घेऊन आली. तो पाणी पीत असताना तिनं भावाला फोन लावला.

“नको!” काका म्हणाला. नळी तोंडातून सुटली.

“अरे, ये जरा. तुझे भावजी अडकलेत. नाही रे, लिफ्टमध्ये कसले, गाडीत. घरातच.”

फोनमधून मामाचा आनंद माझ्यापर्यंत ऐकू आला. “ग्राइंडर घेऊनच येतो! छपराचे खांब कापले की काम झालं. टोपीसारखं उचलू!”

काकू फोन ठेवून, लागली तर असावी म्हणून वर फळी-बिळी काही मिळते का बघायला गेली. काका फटीशी तोंड आणून माझ्याशी कुजबुजला. मधून जॅक लावून गाडी जराशी वर घेतली, तर दार आपोआप सुटेल. एवढंच आहे. पण का वर घ्यायची ते सांगावं लागेल. ते सांगितलं तर पाइपचा विषय निघणार. तो निघाला तर...

“तर काय? सांगून टाक.”

“तू त्याला सांग, कुलूप बिघडलंय.”

“कुलूप बिघडलंय म्हटलं तर तो छप्पर कापील. मग ही गाडी मेली. मग तोच नवा सांगाडा.”

काकानं मान वळवून भिंतीकडे बघितलं. पडलो तरी नाक वर, हे आमच्याकडे घरचं गाणं आहे. काकाची सगळी वाक्यं मला येतात. खोकून विषय बदलतो ते, ‘मी तेच म्हणत होतो’ ते, ‘हत्यारच खराब’ ते. ‘माझं चुकलं’ हे तेवढं येत नाही, कारण ते या घरात मी कधी ऐकलेलंच नाही.

“तू छप्पर कापू देशील,” मी म्हणाले, “पण मामासमोर ‘माझं चुकलं’ म्हणणार नाहीस. लाव पैज.”

“लावली,” आतून आवाज आला. जरा चिरका. “हरलीस तर गंज घासशील. सगळा.”

“आणि तू हरलास तर मला गाडी शिकवायची. कुठल्याही सांगाड्यातली.”

मामा आला. ठक ठक, छपरावर. “काय झालं भावजी?”

“कुलूप,” काका म्हणाला.

मी मनातल्या मनात पहिला गिअर टाकला.

मामानं खाली वाकून बघितलं नाही, चष्मा चढवला, वायर लावली आणि ग्राइंडर एकदा नुसता फिरवला. त्या बंद गॅरेजात तो आवाज असा घुमला की मीच मागे सरले. आत काकाचा चेहरा मेणासारखा झाला. काकूनं बाहेरून काचेवर तळवा टेकवला.

“अहो, आज काय जेवलात?”

“तूच तर वाढलंस.”

“तरी सांगा.”

“भात,” काका म्हणाला. “भात, आणि...” पुढचं त्याला आठवेना. त्यानं आतून नेमका तिच्या तळव्यावर तळवा टेकवला आणि तो तसाच ठेवला.

मामानं खिशातून खडू काढला आणि छपराच्या खांबावर एक रेघ ओढली. मग दुसऱ्या खांबाकडे वळला.

“थांब,” काका म्हणाला.

“काय?”

“थांब जरा. कुलूप नाहीये. माझं चुकलं. तू सांगितलं होतंस, मी पाइप जोडला नाही. मधून उचल तिला.”

मी मामाकडे बघितलं. आता हा नाचणार. पण त्यानं वायर काढली, जमिनीवर आडवा झाला आणि गाडीखाली गेला. ठक ठक. खालून त्याचा आवाज आला, “तळ बिस्किटासारखा झालाय. फळी दे गं ताई. नाहीतर जॅक आरपार जाईल.”

“आरपार म्हणजे कुठं?” काका.

“तुम्ही बसलाय तिथं.”

काकू हसली. मग काकाही हसला, पण ते हसू मध्येच श्वासात अडकलं.

“दहाच मिनिटं, भावजी.”

“खोटं बोलतोयस.”

“हो,” मामा म्हणाला.

जॅक एकेक दात वर चढत गेला. पत्रा कण्हत होता. प्रत्येक कण्हण्याला काका डोळे मिटायचा आणि काकू पुढचा प्रश्न विचारायची. भात मऊ होता की मोकळा? लोणचं घेतलं होतं का? मग दाराची फट, जी मिटून गेली होती, ती नखाइतकी दिसली. मग बोटाइतकी. काकानं दाराला हातसुद्धा लावला नाही. मामानंच बाहेरून ते उघडलं. काका बाहेर आला आणि सरळ खाली बसला, फरशीवर, पाय पसरून. काकू शेजारी बसली.

आधी बोलला तो मामा. “पाइप मी जोडून देतो आत्ताच. दोन्ही दारांत. आणि भावजी, तो सांगाडा...”

“विकून टाक,” काका म्हणाला.

“बघा हं. हिच्या तळाला हात लावला की आणखी निघेल.”

“निघू दे. निघेल ते दाखव. मी ऐकेन.”

मामानं खांबावरची खडूची रेघ अंगठ्यानं पुसली. मी मात्र भांडायला बसले. तो आधी ‘कुलूप’ म्हणाला होता, ती धडधडीत थाप होती, खडू टेकल्यावर बोललेलं धरायचं नसतं. काकानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग हात लांब करून फळीवरचा सँडपेपर काढला, त्याची नीट घडी घातली आणि माझ्या हातात दिली.

“भिंतीकडच्या बाजूनं सुरू कर,” तो म्हणाला.