रिकामी करून ठेवलेली बॅटरी
केळीच्या चिकाचा वास आला, की माझं डोकं आजही तापतं. भडगावच्या बागेत घड वाहायला आम्ही लिथियम बॅटरीची ट्रॉली घेतली होती. कापणीच्या दिवशी ट्रकवाला हॉर्नवरचा हात काढेना, ऊन असं की घड झाडावरच शिजतील, आणि बॅटरी चार्जच होईना! "नाना, हिला केलं काय?" मी काकांवर ओरडलो. "फवाराना पंप धुईसन ठेवतस ना, तशी बठ्ठी रिकामी करीसन पावसाळाभर ठेवी!" तिचा चार्ज पूर्ण उतरवायला त्यांनी ट्रॉलीने बागेला पृथ्वीला घेरी येईल इतक्या चकरा मारल्या होत्या, आणि तशी उपाशी ठेवल्यानेच ती मेली. सगळे घड मी डोक्यावर वाहिले. खांद्यात शिरलेली मान अजून बाहेर आलेली नाही. आता पावसाळ्यात नवी बॅटरी मी लिथियमला मानवते तशी निम्मी भरून ठेवतो, तर नाना विचारतात, "अर्धीच? इतला कंजूस कसा रे तू?"