सुजितभाऊंचं मत

आमच्या बदलापुरातल्या शिरगावच्या बिल्डिंगमध्ये कुणाला नवा मोबाइल घ्यायचा असला की दुसऱ्या मजल्यावर जाऊन सुजितभाऊंची बेल वाजवायची, अशी पद्धतच पडून गेली होती. बेल वाजवणाऱ्यानं तासभर तरी मोकळा ठेवायचा. मी त्यांच्या समोरच्याच घरात राहते, त्यामुळे आज कुणाचा नंबर लागला ते मला घरबसल्या कळायचं.

सुजितभाऊ अंबरनाथला एमआयडीसीत खोक्यांच्या कारखान्यात स्टोअर सांभाळतात. तिथं त्यांना कुणी काही विचारत नाही. सासुरवाडीत विचारत नाहीत, गावी भावकीत विचारत नाहीत. मोबाइलमधलं मात्र अख्खी बिल्डिंग विचारायची आणि तेवढ्यावर हा माणूस खूश होता. स्वतःकडे कोपरा फुटलेला जुनाच फोन, पण बाजारात येणाऱ्या प्रत्येक मॉडेलबद्दल मत तयार.

"मागं काच कशाला लावतात मला सांगा," ते म्हणायचे. "पडली की फुटते म्हणून वरून रबरी कव्हर घालायचं. म्हणजे पैसे काचेचे द्यायचे आणि बघत बसायचं रबर. कॅमेरे एवढे पुढं आलेत की टेबलावर ठेवला तर फोन डुगडुगतो. इअरफोनचं भोक काढलं, डब्यातला चार्जर काढला. आता एक दिवस फोन पण काढतील आणि नुसता डबा विकतील. आपले लोक लाइन लावून घेतील."

शेवटी गिऱ्हाइकाला घेऊन ते उल्हासनगरला कॅम्प तीनच्या बाजारात जायचे आणि सिंधी दुकानदाराशी घासाघीस करायचे. "साईं, बदलापूर से आये हैं, अमरीका से नहीं. बराबर बोलो." माझाही फोन त्यांनीच असा घेऊन दिला होता. माणूस बडबड्या, पण कुणाला फसू द्यायचा नाही, एवढं मान्य करायला हवं.

त्यांची बायको संध्या याच्या अगदी उलट. घरी फॉल-पिको करते, कामाला चोख आणि बोलायला कमी. बायकांच्या ग्रुपवर कधी दोन ओळी लिहायची नाही, फार तर हात जोडल्याचं चित्र टाकायची. सोसायटीची नोटीस लागली की "चष्म्याचा नंबर वाढलाय बहुतेक, तू वाच" म्हणून माझ्याकडे सरकवायची. मला कधी त्यात काही वावगं वाटलं नाही. तिची नजर अधू असेल असंच मी धरून चालले होते.

आता माझ्या कामाबद्दल थोडं. मोठ्या कंपन्यांना लोकांची मतं हवी असतात. साबण कसा वाटला, बिस्किट कसं वाटलं, असं. त्यांना आठ माणसं आणि एक हॉल लागतो. माणसं मी जमवते आणि हॉल माझ्याच घरातला देते. कोपऱ्यात एक कॅमेरा लावतात, तो आतल्या बेडरूममधल्या टीव्हीला जोडलेला असतो. बाहेर लोक बोलतात, आत कंपनीची माणसं माझ्या पलंगावर बसून चहा पीत ते बघतात. बाहेरच्यांना हे सुरुवातीलाच सांगितलेलं असतं, लपवाछपवी काही नाही.

यावेळी विषय निघाला मोबाइलचा. हल्लीच्या फोनची बनावट लोकांना आवडते का, काय नको वाटतं, असं विचारायचं होतं. आठव्या माणसासाठी मला दुसरं नावच सुचलं नाही. मी सुजितभाऊंना सांगितलं.

"कंपनीला माझं मत पाहिजे?" त्यांनी विचारलं. "पॉइंट काढून आणू का?"

"काही आणू नका भाऊ. जे आम्हाला सांगता तेच सांगा."

रविवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून ते सगळ्यांच्या आधी येऊन बसले. त्याच्याही आधी संध्या माझ्या स्वयंपाकघरात आली होती. वडे तळणारी बाई ऐन वेळी आली नाही म्हणून मी तिला हाक मारली होती. सुजितभाऊ तेव्हा खाली दाढीला गेले होते. परत आल्यावर त्यांना वाटलं, बायको भाजीला गेली.

चर्चा घ्यायला मुंबईहून अनीश नावाचा मुलगा आला होता. बाकीचे सातजण मांजर्लीचे, चिखलोलीचे, अंबरनाथचे, सगळे तिशीच्या आतले. सुजितभाऊंनी इअरफोनच्या भोकापासून सुरुवात केली. शेजारचा मुलगा म्हणाला, "काका, वायर आता कोण वापरतं?" मग त्यांनी बॅटरीचं काढलं, पूर्वी आपल्या हातानं बदलता यायची वगैरे. दुसरा म्हणाला, "दोन साल वापरायचा नि बदलायचा ना काका, बॅटरीचं टेन्शन कशाला?" सगळे हसले. अनीशनं "बरोबर, बरोबर" म्हणत मान डोलावली आणि तोंड दुसरीकडे वळवलं. असं दोन-तीनदा झालं. त्यानंतर सुजितभाऊ खुर्चीत मागं सरकून बसले.

आत कंपनीची एक बाई म्हणाली, "ये अंकल काम के नहीं."

स्वयंपाकघरातून आतल्या आत किटली घेऊन आलेली संध्या तेव्हा माझ्या शेजारी उभी होती. ती त्यांची बायको आहे हे त्या बाईला माहीत नव्हतं. संध्या हळूच मला म्हणाली, "बोलूच देत नाहीत गं त्यांना. काल झोपेत पण हेच बडबडत होते."

मग अनीशनं पिशवीतून एक नमुन्याचा फोन काढला. जाडजूड, मोठ्या अक्षरांचा, मागचं झाकण निघणारा. म्हणाला, "हा फोन कोण वापरत असेल? माणूस डोळ्यासमोर आणा. कसा वागतो, कसा बोलतो, सांगा." पोरं एकमेकांकडे बघायला लागली. सुजितभाऊंनी हात वर केला.

"माझ्या घरातच आहे की. माझी बायको."

एकदम हशा पिकला. त्या हशानं त्यांना काय झालं देव जाणे, ते खुर्चीत पुढं सरकून बसले. बायको फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून वर रबरबँड कसा लावते, स्क्रीनवर बोट कसं दारावरच्या बेलसारखं दाबून धरते, व्हिडिओ कॉलमध्ये नुसतं कपाळ कसं दिसतं, सगळं नकलेसकट. "फोनवर बोलायला लागली की वाटतं नेटवर्कची गरजच नाही, आवाज डायरेक्ट मुरबाडला माहेरी जातो." पोरं टाळ्या द्यायला लागली. आत कंपनीची माणसं सावरून बसली, कुणीतरी टीव्हीचा आवाज वाढवला. इथवर संध्यासुद्धा हसत होती. "एवढी ओरडते का गं मी?" तिनं मला विचारलंही.

तिथं थांबायला हवं होतं त्यांनी. पण आयुष्यात पहिल्यांदा आठ माणसं कान देऊन ऐकत होती.

अनीशनं विचारलं, "म्हणजे मोठी अक्षरं त्यांना उपयोगी पडतील?"

"मोठी करा नाहीतर बारीक करा. वाचता कुठं येतं तिला? शाळेत गेलेली आहे, पण अक्षराला अक्षर जोडेपर्यंत मेसेज शिळा होतो. सगळं मीच वाचून दाखवतो. बिल्डिंगमध्ये कुणाला पत्ता नाही. चष्म्याचा नंबर वाढला म्हणून सांगते. आणि चष्मा कसला? नंबरच नाही त्याला, साधी काच. मीच उल्हासनगरहून आणून दिलाय."

हॉलमध्ये हसून हसून एकाला ठसका लागला. "क्या बोलता है आदमी," आतली बाई म्हणाली आणि भराभर लिहून घ्यायला लागली.

मी संध्याकडे बघायला नको होतं, पण बघितलं. तिचा चेहरा पार उतरला होता. "तेल तापलं असेल," एवढंच म्हणून ती स्वयंपाकघरात गेली.

चर्चा संपल्यावर वडे बाहेर न्यायचे होते. मी म्हटलं, तू थांब, मी नेते. तिनं माझ्या हातातून ट्रे काढून घेतला आणि बाहेर गेली. एकेकाच्या हातात प्लेट देत ती शेवटी सुजितभाऊंपाशी आली. "अहो, चटणी घ्या," म्हणाली. अगदी साध्या आवाजात. सुजितभाऊंनी वर बघितलं आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. पोरांना काहीच कल्पना नव्हती. एकजण म्हणाला, "काका, तुमची काकूंची नक्कल टॉप होती." अनीशनं पुढं होऊन हात मिळवला. "सर, तुमच्यासारखी माणसं पाहिजेत आम्हाला. पुढच्या वेळी पण या." जे ऐकायला हा माणूस जन्मभर आसुसला होता, ते त्याला बायको समोर ट्रे घेऊन उभी असताना ऐकायला मिळालं.

सगळे गेल्यावरही ते बसून होते. वडा तसाच प्लेटमध्ये.

"ती आत होती?" त्यांनी विचारलं.

"आत माणसं बघतायत हे तुम्हाला सांगितलं होतं भाऊ."

"कंपनीची माणसं."

"त्यांना चहा कोण देणार?"

"कुणी ऐकत नव्हतं गं किर्ती. मग हसायला लागले..." डोळ्यांत पाणी आलं होतं. मी धीर द्यायला हवा होता, असं कुणी म्हणेल. मला राग आला होता, मी नाही दिला. प्लेट उचलून आत नेली.

दुपारी संध्या तिची कढई न्यायला आली. मी म्हटलं, "चांगलं भांडून घे एकदा." ती म्हणाली, "काय म्हणून भांडू? खोटं बोलले असते तर भांडले असते."

त्यानंतर सुजितभाऊंनी बेल वाजली तरी दार उघडणं सोडलं. कुणी जिन्यात गाठून फोनचं विचारलं तर "कुठलाही घ्या, सगळे सारखेच" म्हणून खाली मान घालून निघून जायचे. एका संध्याकाळी त्यांच्या दारातून आवाज आला. ते संध्याला सांगत होते, तुला नवा फोन घेऊ, चांगला घेऊ. संध्या म्हणाली, "कशाला? जिला वाचताच येत नाही तिला नवा काय नि जुना काय." दार उघडं होतं, जिन्यात दोघीतिघी उभ्या होत्या. तिनं आवाज बारीक केला नाही.

मग एक दिवस ती फोन घेऊन आमच्याकडे आली. माझी तेजल कॉलेजला आहे, ती अभ्यास करत बसली होती. संध्या तिच्यासमोर बसली.

"तेजल, मला मेसेज वाचता येत नाहीत. काकांकडे जायचं नाहीये मला. तू वाचून दाखवत जाशील?"

तेजलनं माझ्याकडे बघितलं, मग फोन हातात घेऊन थोडी खटपट केली. "मी कशाला काकू, फोनच वाचून दाखवेल. इथं बोट ठेवा."

संध्यानं बोट ठेवलं. फोन बाईच्या सपाट आवाजात म्हणाला, उद्या सकाळी पाणी येणार नाही. संध्या दचकली. पुन्हा बोट ठेवलं, पुन्हा ऐकलं. तिसऱ्यांदा ठेवलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर हसू आलं. कितीतरी दिवसांनी.

"हे नवीन निघालंय का गं?"

"छे. तुमच्या फोनमध्ये पहिल्यापासून असणार. नुसतं चालू करायचं होतं."

तेवढ्यात सुजितभाऊ तिला शोधत दारात येऊन उभे राहिले. तेजलचं मन साफ, तिनं सरळ विचारलं, "काका, हे तुम्ही कधीच करून द्यायला हवं होतं ना? तुम्हाला तर माहीत असणार."

माहीत नव्हतं म्हटलं असतं तर सुटले असते. मीही म्हणणार होते, अगं प्रत्येकाला प्रत्येक गोष्ट कशी माहीत असेल. पण ते खोटं बोलले नाहीत.

"माहीत होतं," ते म्हणाले.

"मग?" संध्यानं विचारलं. त्या रविवारनंतर ती त्यांच्याशी आपणहून पहिल्यांदाच बोलत होती.

सुजितभाऊंनी चौकटीला हात टेकला. "करून दिलं असतं तर तू मला विचारायला आली नसतीस," ते म्हणाले.

संध्यानं तेजलकडे मान वळवली. "तेजल, आवाज कुठून वाढवायचा गं?" सुजितभाऊंनी सवयीनं लगेच हात पुढं केला. संध्यानं फोन तेजलच्या हातात दिला.