छोटी रांग

माझे चाचा पाकिस्तानी झाले ते रांग छोटी होती म्हणून. त्यात धर्म, देशप्रेम, राजकारण असलं काहीही नव्हतं. ते बोटीवर भंडारी होते, म्हणजे खलाशांचा स्वयंपाक करायचे. रत्नागिरीच्या खाडीकाठच्या आमच्या गावातले निम्मे पुरुष तेव्हा बोटीवरच असत, आणि बोट जिथे लागेल तिथे आपले कागद करून घ्यायचे ही आमच्याकडची जुनी रीत. फाळणी होऊन काही वर्षं झाली होती. बोट कराचीला लागली असताना एजंट म्हणाला, आता पासपोर्टशिवाय चालायचं नाही, इथे काढा नाहीतर मुंबईला काढा. मुंबईच्या ऑफिसात दिवस दिवस ताटकळावं लागतं असं चाचांच्या कानावर होतं. कराचीत पुढे मोजकीच माणसं उभी होती. जेवणाच्या वेळेला चाचा पासपोर्ट खिशात घालून बोटीवर परतलेसुद्धा.

चाची तेव्हा गावात भातलावणी करत होती. आपला नवरा परदेशी झाल्याचं तिला पुढच्या वर्षी कळलं. चाचा सुट्टीवर घरी आले आणि त्यांच्या पाठोपाठ पोलीस पाटील चौकशीला आला. तेव्हापासून दर सुट्टीत व्हिसा काढायचा आणि स्वतःच्या घरी राहायचं म्हणून पोलिसांत हजेरी द्यायची, असं सुरू झालं. चाचा हजेरीला जाताना पाटलासाठी एक साबण नेत. पाटीलही बिचारा ओशाळून घेई. गावाला त्याची गंमत वाटायची. चाचीला वाटत नसे.

साठ सालानंतर मी शारजाला आलो तेव्हा चाचांनी बोट सोडली होती आणि इंग्रजांच्या विमानतळावरच्या मेसमध्ये ते मुख्य आचारी होते. मी त्याच तळावर कारकून झालो. देश असा तिथे तेव्हा नव्हताच. शारजा एका शेखाचं, अजमान दुसऱ्याचं, उम्म अल कुवैन तिसऱ्याचं, आणि सगळ्यांच्या डोक्यावर इंग्रज. व्यवहार मात्र आपल्या रुपयात चाले. तळावर बलुची पहारेकरी, इराणी गवंडी, आम्ही कोकणी आणि एक गोव्याचा पाववाला होता. हा पाववाला पोर्तुगीज म्हणून नोकरीला लागला आणि गोवा मुक्त झाल्यावर जागच्या जागी भारतीय झाला. पाव तोच राहिला. साहेबाच्या लेखी आम्ही सगळे सारखेच होतो. इंग्रजांचं राज्य चांगलं होतं असं मी मेलो तरी म्हणणार नाही. त्यांची मिजास मी रोज पाहिली आहे. पण कोण कुठला याचं त्यांना सोयरसुतक नव्हतं, आणि त्या बेपर्वाईत आमच्यासारख्यांना पाय ठेवायला जागा मिळत होती.

पासष्टच्या लढाईत ती जागाही आक्रसली. आमच्या गावच्या जमातीने शारजातल्याच रोल्ला वस्तीत एक खोली भाड्याने घेतली होती. चौघांनी मिळून एका मोठ्या ताटात जेवायचं, अशी पद्धत. आमच्या ताटावर दोन पासपोर्ट भारताचे होते, दोन पाकिस्तानचे. लढाई सुरू झाली तशी एकाने आकाशवाणी लावली, दुसऱ्याने कराची, आणि एका गावचे, एका मशिदीचे लोक एकमेकांच्या अंगावर धावून गेले. चाचांनी रेडिओ उचलून पलंगाखाली सरकवला. "यल्ला, चला, भात थंड होतोय," ते म्हणाले. जेवलो सगळे. पण त्या आठवड्यात दोघांनी वेगळी चूल मांडली.

लढाई थांबली तरी चाचांचा व्हिसा बंद तो बंदच. मग चाचीच आली. तिच्या परवान्यासाठी मी तळावरच्या आमच्या इंग्रज कॅप्टनच्या इतक्या मागे लागलो की शेवटी वैतागून त्याने इंग्रजांच्या दुबईच्या ऑफिसला चिठ्ठी दिली. ज्यांनी फाळणीची रेघ मारली त्यांच्याच शिक्क्यावर ती दोघं पुन्हा एका छपराखाली आली. याचा मला तेव्हा राग आला होता. आजही येतो. रोल्लाच्या मागे खजुरीच्या झावळ्यांचं एक खोपट त्यांनी घेतलं. चाचीने येताना घरचा तांदूळ, सुके बांगडे आणि आमसुलं आणली होती. मूलबाळ नव्हतं. लग्नानंतर इतके दिवस सलग एकत्र राहण्याची ही त्यांची पहिलीच वेळ, आणि दोघंही चाळिशी उलटलेली. चाची दिवसभर उकाड्याला शिव्या घाली, पण तिला इतकी खुशीत मी गावात कधी पाहिली नव्हती.

बाजारातल्या चहाच्या दुकानात तेव्हा कैरोचं स्टेशन लागलेलं असे. इंग्रजांविरुद्धचं भाषण रंगात आलं की लोक टाळ्या वाजवत. चहावाला चाचांना म्हणायचा, "हबीबी, अंग्रेज खलास!"

"इन्शाल्ला," चाचा म्हणायचे. "लेकिन कल सुबह का नाश्ता तो उनको देना पडेगा."

अडुसष्ट साल लागलं आणि इंग्रजांनी स्वतःच सांगून टाकलं की आम्ही तीनेक वर्षांत इथून निघणार. बाजारात मिठाई वाटली गेली. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? कोणीतरी कोणाच्या तरी घरातून एकदाचा निघतोय, याचा आनंद होतोच. चाची मात्र एवढंच म्हणाली, "मग माझा परवाना कोण देणार?"

पुढच्या वर्षी तळावर नोटीस लागली. परत जायचं असेल त्यांनी नाव नोंदवावं, सरकार प्रत्येकाला आपापल्या घरी फुकट पोचवील. भारतवाल्यांची बोट मुंबईला, पाकिस्तानवाल्यांची कराचीला. चाचीने नोटीस वाचली नाही, ऐकली, आणि दोन ट्रंका भरायला घेतल्या. एक स्वतःची, एक चाचांची. बोटी वेगळ्या तर ट्रंका वेगळ्या, असा तिचा सरळ हिशेब.

नोंदणीच्या सकाळी मी कॅप्टनशेजारी टेबलावर बसलो होतो. समोर दोन रांगा. भारताची लांबलचक, पार पाण्याच्या टाकीपर्यंत गेलेली. पाकिस्तानची अगदी छोटी. लांब रांगेच्या शेवटी चाचा उभे होते. लोकांनी हाका मारल्या, हसले, त्यांना दुसरी रांग दाखवली. ते हलले नाहीत. उन्हात पाऊल पाऊल सरकत ते दुपारी माझ्यासमोर आले.

"चाचा, ही इंडियाची लाईन," मी म्हणालो.

"दिसतंय मला."

"तुमचं नाव त्या बाजूला लागणार. कराची."

"ते पण माहीत आहे."

कॅप्टनने काय चाललंय म्हणून विचारलं. मी म्हणालो, चुकीच्या रांगेत आलेत. त्याने अगदी अदबीने पेन्सिलीने छोटी रांग दाखवली.

"त्याला सांग," चाचा म्हणाले, "एकदा छोट्या लाईनला उभा राहिलो होतो. ती भानगड अजून निस्तरतोय."

मी इंग्रजीत सांगितलं. कॅप्टनला विनोद वाटला, तो मनापासून हसला. चाचांनी त्याला नेहमीसारखा सलाम केला आणि दोन्ही रांगा सोडून ते फाटकाकडे चालू लागले.

जेवणाच्या सुट्टीत मी त्यांच्या खोपटावर गेलो. दोन्ही ट्रंका दाराशी भरून ठेवलेल्या. चाची चाचांना विचारत होती, "कुठल्या बोटीत नाव लागलं?"

"कुठल्याच नाही."

"मग राहायचं कुठं?"

"इथंच. आचाऱ्याला काम मिळतं. तू पण इथं परकी, मी पण परका. कोण कुणाकडून हजेरी घेणार?"

"आणि घर?" चाचीने विचारलं. "शेत?"

चाची रडली, तोंडावर पदर वगैरे न घेता, आमच्यासमोर. नवरा राहिला म्हणून रडली की गाव गेलं म्हणून, ते मी विचारलं नाही. विचारायची माझी छाती झाली नसती. मग तिने डोळे पुसले, चाचांची ट्रंक उघडली आणि त्यांच्या लुंग्या, सदरे, दाढीचं सामान एकेक करून आपल्या ट्रंकेत साड्यांवर रचलं. झाकण बसेना, तेव्हा त्यावर गुडघा देऊन कडी लावली.

रिकामी ट्रंक तिने माझ्याकडे ढकलली.

"ही तू घेऊन जा," ती म्हणाली. "तुला गावी जाता येतं."