विळीवरची डॉक्टरेट

मॉरिशसमधल्या मराठी घरांतली एकही विळी माझ्या साडूंच्या नजरेतून सुटलेली नाही, हे मी शपथेवर सांगू शकतो. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. घर दक्षिणेकडच्या शमें ग्रेनिए गावात, नोकरी एका तंत्रशाळेत, आणि ध्यास औद्योगिक डिझाइनच्या डॉक्टरेटचा, तोही थेट विलायतेतल्या विद्यापीठाच्या. प्रबंधाचा विषय काय, तर जमिनीवर न बसता स्टुलावर बसून चालवता येईल अशी विळी. लग्नाला गेलेले लोक नवरी बघतात. हे गृहस्थ सरळ स्वयंपाकघरात शिरत. पेती राफ्रे गावातल्या एका लग्नात त्यांनी नारळ खवणाऱ्या बायकांच्या गुडघ्यांना टेप लावली, तेव्हा नवरीच्या मामांनी दंडाला धरून त्यांना मांडवात आणलं. "संशोधन हाय, मामा," हे म्हणाले. "आयो! संशोधन मर्दांचं करा की!" मामा ओरडले.

घरात तर पाय ठेवायला जागा नव्हती. पलंगाखाली विळ्या, कपाटावर विळ्या, जेवणाच्या टेबलावर टाइपरायटर आणि कागदांचे ढीग, त्यामुळे सगळं घर मांडीवर ताट घेऊन जेवायचं. पाहुणा वाकून चपला काढू लागला, की हे त्याच्या पाठीकडे असे बघत, की बिचारा चपला घालूनच आत यायचा. "माणूस सवयीनं वाकतो, गरजेनं नाय," हे त्यांचं आवडतं वाक्य. पण पहिल्या खेपेला परीक्षकांनी प्रबंध परत पाठवला. यांच्या विळीचं पातं बिजागरीवर आडवं पडायचं. बिजागरीने पातं कमजोर होतं, ते पक्कं का बसवत नाही, असा त्यांचा सवाल होता. साडूंनी उत्तरादाखल बिजागरीच्या मजबुतीवर आणखी एक जाडजूड प्रकरण लिहिलं. ती का हवी, ते मात्र कुठेच लिहिलं नाही. पुन्हा एकदाच संधी होती. तीही हुकली की सगळं मुसळ केरात. "भावजी," त्यांची बायको, आमची ताई, मला म्हणाली, "या टायमाला नाय झालं, तर हा माणूस परत उभा राहणार नाय." ते मलाही दिसत होतं.

तोंडी परीक्षा मोका नावाच्या गावी झाली. विळी आणि नारळ वाहून नेणारा हमाल म्हणून मलाही मागच्या खुर्चीवर बसू दिलं. विलायतेहून एकच परीक्षक आले होते, उंच, वृद्ध आणि फार सभ्य. त्यांनी स्वतः स्टुलावर बसून विळीवर नारळ खवला, खूश झाले, आणि पुन्हा तोच सवाल: ही बिजागरी कशाला? साडू आकडे सांगू लागले. म्हातारा नकारार्थी मान हलवत राहिला. शेवटी कंटाळून तो उठला आणि फळ्याकडे निघाला, मागे पातं तसंच उभं.

"आतांस्यों! सांभाळा!" साडूंनी टेबलावरून झेपच घेतली, पातं आडवं केलं आणि परीक्षकाला अस्सल मराठीत झापलं, "विळी उभी ठेवून उठतात काय? आईनं शिकवलं नाय?"

मग भानावर येऊन, लाजत, त्यांनी इंग्रजीत खुलासा केला: विळी उभी सोडून उठायचं नाही, ते अशुभ, शिवाय घरात पोरं रांगतात. परीक्षक फळ्याकडून परत वळला. "हे प्रबंधात का नाही?"

"हे लिहायचं असतं?" साडू म्हणाले. "हे तर सगळ्यांनाच ठाऊक असतं."

म्हातारा इतका हसला की त्याला चष्मा पुसावा लागला. हे एवढं एक पान जोडा, तो म्हणाला, आणि पुढे होऊन त्याने "डॉक्टर" म्हणत हात मिळवला. माझा जीव भांड्यात पडला.

आमची गाडी घरी पोहोचली तेव्हा ताई दारातच होती. "फिनी?" तिनं विचारलं. "फिनी. संपलं," साडू म्हणाले. ती पायरीवर बसली आणि तोंडाला पदर लावून रडू लागली. "अगं, पास झालो!" "म्हणूनच," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी टेबल मोकळं करून सगळे गलका करत जेवलो. साडू तेवढे ताटातला भात चिवडत बसले. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "काय नाय. उद्या उठून काय करायचं, ते समजत नाय." मला त्यांच्याविषयी फार माया वाटली. ताई म्हणाली, "उद्या उशिरा उठा."

खरंच, दुसऱ्या दिवशी ते दुपारपर्यंत झोपले. अशी झोप त्या घरानं कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. ताई मधूनच आत जाऊन त्यांचा श्वास नीट चाललाय ना, ते बघून यायची, आणि बाहेर येऊन आम्हालाच हळू बोलायला सांगायची.